कंत्राट आणि करार

वाचनासाठी उतारे : अनुवाद २४:५, १ राजे ५:१३-१४ व १२:१-१८, प्रेषितांची कृत्ये १८:१-४



आपल्या वसईतील अनेक कुटुंबांत आता आठवड्याचे दोन भाग झाले आहेत. सोमवारी पहाटे घरातील कर्ता पुरुष बॅग उचलून निघतो आणि शनिवारी रात्री परततो. कोणी चाकणला फॅब्रिकेशनची कामे घेतो, कोणी वापी-सिल्वासाच्या कारखान्यांत वायरिंग व पाइपलाइनची, कोणी पनवेलकडे नव्या इमारतींच्या प्लंबिंगची. कोणी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत वर्षावर्षाच्या कंत्राटावर आहे. काही घरांत अशा कामासाठी बाहेर राहणारी घरची लेक किंवा सूनही आहे.

घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही येतो, तेव्हा एक वाक्य घरोघरी ऐकू येते : "फादर, हे एवढे काम संपू द्या, मग इथेच काहीतरी बघायचे आहे." काम संपते, दुसरे मिळते, आणि पुढच्या वर्षी तेच वाक्य पुन्हा ऐकू येते. या आठवड्याच्या पाठात आपण याच विषयाचा विचार करू. घर सोडून कमवायला जाणे योग्य की अयोग्य? ते किती काळ चालावे? आणि त्या काळात आपला विवाह व आपले पालकत्व यांचे काय होते?

१. पूर्वी काय होते?

आपल्या आजोबांच्या काळात घर आणि काम एकाच वाडीत होते. केळी, पानवेल, भाजीपाला, फुले यांची बागायत बावखलाच्या पाण्यावर होत असे. बाप काम करताना मुलांना दिसत होता. त्याचा घाम, त्याचा राग आणि त्याची प्रार्थना, सारे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. जमिनी कमी झाल्या, विहिरींचे पाणी बिघडले, शिक्षण वाढले आणि हाताला काम शोधत आपण बाहेर पडलो. त्यात कमीपणा काहीच नाही.

परंतु घरापासून दूर राहून कमावणे आपल्या भागाला नवीन आहे असेही नाही. आपले कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या होडीवर कित्येक दिवस दर्यात राहत आले आहेत. त्यांच्या रीतीतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे पैशांचा व्यवहार घरातील स्त्रीच्या हाती असतो. मासळी विकणे, उधारी लक्षात ठेवणे, घरखर्च चालवणे हे सारे ती पाहते, त्यामुळे नवरा दर्यात असला तरी घर अडून राहत नाही. दुसरी म्हणजे त्या दूर राहण्याला हद्द असते. पावसाळा आला की होडी किनाऱ्याला लागते आणि माणूस घरात येतो. हद्द समुद्रच घालून देतो. कंत्राटाच्या कामाला असा पावसाळा नाही. तेथे हद्द आपल्यालाच घालावी लागते. आजच्या पाठाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

२. पवित्र शास्त्र काय सांगते?

अनुवादाच्या पुस्तकात (२४:५) एक छोटासा नियम आहे. नव्याने लग्न झालेल्या पुरुषाला युद्धावर पाठवू नये, त्याच्यावर दुसरेही कोणते काम लादू नये. वर्षभर त्याला घरी मोकळे राहू द्यावे, म्हणजे तो आपल्या पत्नीला आनंद देऊ शकेल. त्या काळात शत्रू सीमेवर होते, शेतीला माणसे कमी पडत होती. तरीही एका नव्या घराचा पाया भक्कम होणे ही केवळ त्या जोडप्याची खासगी बाब न मानता साऱ्या समाजाचे हित मानले गेले.

दुसरा उतारा शलमोन राजाचा आहे. यरुशलेमच्या मंदिरासाठी लबानोनातून लाकूड आणायचे होते. त्यासाठी राजाने इस्राएलातून तीस हजार माणसे वेठीला धरली. पण सर्वांना एकदम पाठवले नाही. दहा-दहा हजारांच्या तीन तुकड्या केल्या. प्रत्येक तुकडी एक महिना लबानोनात व दोन महिने घरी, अशी पाळी लावली (१ राजे ५:१३-१४). वेठबिगारीतही माणसाला घराची गरज आहे, हे राजाला मान्य करावे लागले. आपण स्वखुशीने घेतलेल्या कामात हे प्रमाण नेमके उलटे, किंबहुना त्याहून वाईट असते.

पुढे काय झाले तेही वाचावे. एवढी पाळी लावूनही लोक थकले. शलमोनाच्या मृत्यूनंतर त्यांनी त्याचा पुत्र रहबाम याच्याकडे, बापाने लादलेले जू हलके कर, अशी विनंती केली. त्याने ऐकले नाही. तेव्हा लोकांनी वेठीवरील अधिकाऱ्याला दगडमार केला आणि राज्याचे दोन तुकडे झाले (१ राजे १२). मंदिर उभे राहिले, पण लोक तुटले. आपणही कधी कधी असेच करतो. बंगल्याचा दुसरा मजला उभा राहतो आणि खालच्या मजल्यावरची माणसे एकमेकांना परकी होतात.

नव्या करारात मात्र वेगळे चित्र दिसते. संत पौल करिंथ येथे अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरी राहिला. ते तिघेही तंबू बनवणारे. रोमहून निघावे लागले, गाव बदलले, धंदा नव्याने मांडावा लागला. पण ते दोघे एकत्र राहिले आणि त्यांचे घर हेच प्रार्थनेचे ठिकाण झाले. संत योसेफाविषयी शुभवर्तमान एवढेच सांगते की तो सुतारकाम वा बांधकाम करणारा कारागीर होता. नाझरेथपासून काही किलोमीटरवर सेफोरिस नावाचे शहर होते आणि हेरोद अंतिपाच्या काळात ते नव्याने बांधले जात होते. नाझरेथच्या कारागिरांना तेथे काम मिळत असावे असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे. बायबलमध्ये तसा उल्लेख नाही. पण योसेफ तेथे जात असला तरी ते अंतर संध्याकाळी घरी परतता येण्याजोगे होते.

३. ख्रिस्तसभेची शिकवण

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकातून कामगारांचा प्रश्न प्रथमच एवढ्या विस्ताराने मांडला. २०२५ साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना याच परिपत्रकाची आठवण सांगितली. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'लाबोरेम एक्झर्चेन्स' हे श्रमांवरील परिपत्रक लिहिले. त्यातील एक विचार आपण पाठच करून ठेवावा असा आहे : काम माणसासाठी असते, माणूस कामासाठी नसतो. त्याच परिपत्रकात ते सांगतात की काम ही कुटुंबजीवनाची पायाभरणी आहे. म्हणजे ज्या कुटुंबासाठी काम करायचे, त्या कुटुंबालाच काम गिळत असेल तर साधन आणि साध्य यांची अदलाबदल झाली असे समजावे.

त्याच वर्षी त्यांनी कुटुंबावर 'फामिलियारिस कोन्सोर्सियो' हे पत्र लिहिले. त्यात (क्रमांक २५) वडिलांच्या भूमिकेविषयी त्यांनी दोन धोके शेजारी शेजारी मांडले आहेत. पित्याची अनुपस्थिती मुलांच्या मनाचा तोल बिघडवते, तसेच पित्याची दडपणारी उपस्थितीही बिघडवते. आठवडाभर बाहेर राहणाऱ्या बंधूंनी या दोन्हींचा एकत्र विचार करावा. पाच दिवस बाप नाही, आणि सहाव्या दिवशी आला की प्रगतिपुस्तक, मोबाइल, केस, कपडे यांवरून एकदम सारा हिशेब चुकता करतो. मग मुले शनिवारची वाट पाहण्याऐवजी शनिवारला घाबरू लागतात.

ख्रिस्तसभेचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे आणि समंजसही आहे. १९८३ च्या कॅनन कायद्याचे कलम ११५१ सांगते की पतिपत्नींनी एकत्र राहणे हे त्यांचे कर्तव्य आहे आणि त्यांचा हक्कही आहे, उचित कारण असल्यासच त्याला सूट आहे. कुटुंबाच्या पोटासाठी दूर जावे लागणे हे नक्कीच उचित कारण आहे. म्हणून कंत्राटावर बाहेरगावी जाणे हे पाप नाही. परंतु कारण आजही खरे आहे का, हे विचारण्याचा हक्क पत्नीला आहे, कारण एकत्र राहणे हा तिचाही हक्क आहे. "माझे काम आहे, तुला काय कळते?" हे उत्तर या कलमात बसत नाही.

४. दोन शब्दांतील फरक

रोजच्या व्यवहारात आपण कंत्राट आणि करार हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण बायबलमध्ये करार या शब्दाला वेगळे वजन आहे. जुना करार, नवा करार असे आपण म्हणतो, तेव्हा देवाने आपल्या लोकांशी जोडलेले, न मोडणारे नाते आपल्याला अभिप्रेत असते.

विवाहासाठी यांपैकी कोणता शब्द वापरावा? १९१७ च्या कॅनन कायद्यात विवाहाच्या व्याख्येसाठी कंत्राट या अर्थाचा लॅटिन शब्द होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली विवाहाविषयी बोलताना करार या बायबलमधील शब्दाला अग्रस्थान दिले, आणि १९८३ च्या कायद्याने कलम १०५५ च्या आरंभीच तो घेतला. कायदेशीर बाजू सांगताना जुना शब्दही त्यात राहिला आहे, पण पहिला मान कराराला आहे.

हा फरक कंत्राटदार बंधूंना इतरांपेक्षा लवकर समजेल. कंत्राटात काम किती, दर काय, मुदत कधी, हे लिहिलेले असते. मापे घेतली जातात, बिल लागते, काही टक्के रक्कम राखून ठेवली जाते आणि दोषमुक्त काळ संपला की ती सुटते. मग संबंध संपतो. करारात माप नसते आणि अंतिम बिलही नसते. "मी महिन्याला एवढे पैसे पाठवतो, आणखी काय पाहिजे?" असे एखादा पती म्हणतो, तेव्हा त्याने आपल्या विवाहाला नकळत कंत्राट करून टाकलेले असते. आणि "तुम्ही पैसे पाठवा, बाकीचे आम्ही बघतो" असे घरची मंडळी म्हणतात, तेव्हा त्यांनीही तेच केलेले असते.

५. जवळ असणे म्हणजे काय?

गाब्रिएल मार्सेल (१८८९-१९७३) हे फ्रेंच तत्त्वज्ञ १९२९ साली कॅथलिक झाले. पहिल्या महायुद्धात ते रेडक्रॉसच्या एका कार्यालयात बेपत्ता सैनिकांची माहिती काढण्याचे काम करीत. प्रत्येक सैनिकाचे एक कार्ड असे. पण त्या कार्डाबद्दल विचारायला सैनिकाची आई वा पत्नी समोर येऊन बसे, तेव्हा कार्डावरचा मजकूर आणि त्या बाईच्या मनातला माणूस यांत किती अंतर आहे हे त्यांना जाणवे. उपस्थितीविषयीचे त्यांचे पुढचे सारे चिंतन या अनुभवाशी जोडलेले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : एकाच खोलीत बसलेला माणूस आपल्याला अनुपस्थित असू शकतो आणि दूरचा माणूस मनाने जवळ असू शकतो. जवळ असणे म्हणजे स्वतःला दुसऱ्यासाठी मोकळे ठेवणे.

हे आपल्या घराला लावून पाहू. रोज रात्री नवऱ्याचा फोन येतो. जेवलीस का, गॅस आला का, फी भरली का, एवढे विचारून तो ठेवला जातो. ही कार्डावरची माहिती झाली. त्याच फोनवर तो मुलीला विचारतो, "काल तुझी मैत्रीण रुसली होती, तिचे काय झाले?" तेव्हा बाप घरात आलेला असतो. खर्च तेवढाच आणि वेळही तेवढाच. फरक एवढाच की कालची गोष्ट त्याने लक्षात ठेवली होती.

तरीही फोनने सारे भागते असे कोणी समजू नये. मुलाला ताप आला असता कपाळावर ठेवायचा हात फोनमधून पाठवता येत नाही. साधा हिशेब करू. आठवड्याच्या पाच रात्री बाहेर, अशी वर्षाची पन्नास आठवडे धरली तर २५० रात्री झाल्या. घरच्या उरल्या ११५. मूल पाच वर्षांचे असताना सुरू झालेले हे चक्र ते पंधरा वर्षांचे होईपर्यंत चालले, तर त्या दहा वर्षांत बाप घरी झोपला त्या रात्री ११५० भरतात, म्हणजे तीन वर्षांहून थोड्या अधिक. हा हिशेब कोणाला टोचण्यासाठी मांडलेला नाही. दर आठवड्याचा आकडा लहान असतो, म्हणून बेरीज कोणी करीत नाही. ती एकदा करून पाहावी.

६. व्यवहारात काय करावे?

(अ) मुदत ठरवा. कंत्राटाला मुदत असते, तशी घराबाहेर राहण्यालाही असावी. काम घेण्यापूर्वी पतिपत्नींनी बसून ठरवावे : हे कशासाठी? घराचे कर्ज, मुलीचे शिक्षण, आईचे औषधपाणी? त्यासाठी किती रक्कम हवी आणि ती कधीपर्यंत जमेल? ते वहीत तारखेसह लिहावे. ती तारीख आली की पुन्हा बसावे. मुदत वाढवायची असेल तर दोघांच्या संमतीने वाढवावी, आपोआप वाढू देऊ नये.

(आ) खरा फायदा मोजा. समजा, बाहेरच्या कामात महिन्याला ६२ हजार सुटतात आणि इथल्या किरकोळ कामांत ४२ हजार. फरक २० हजारांचा दिसतो. आता खोलीभाडे ७ हजार, खानावळ ५ हजार, प्रवास व टोल ६ हजार वजा करा. उरले २ हजार. त्या दोन हजारांसाठी महिन्याच्या वीस-बावीस रात्री द्यायच्या का, हा प्रश्न तेव्हा नीट समोर येतो. कोणाचा फरक खरोखरच मोठा असेल, कोणाला इथे कामच नसेल. पण आकडे कागदावर उतरल्यावर निर्णय घ्यावा.

(इ) घराला माहिती द्या. कोणती साइट, मालक कोण, कोणते बिल अडकले आहे, किती रक्कम राखून ठेवली आहे, कोणाकडून उसने घेतले, विमा कोणता, बँकेत वारस म्हणून कोणाचे नाव आहे, हे पत्नीला ठाऊक असावे. अपघात सांगून येत नाही. सारी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात राहिली तर त्याच्यामागे कुटुंब अंधारात पडते.

(ई) परतण्याची रीत ठेवा. शनिवारी घरी आल्यावर पहिला तास तक्रारींचा नसावा, दोन्ही बाजूंनी. आठवडाभर पत्नीने घर चालवले आहे. तिने घेतलेले निर्णय मुलांसमोर फिरवू नयेत. काही वेगळे वाटले तर दोघांनी एकांतात बोलावे. पत्नीनेही "तुम्ही पाहुणे आहात, तुम्हाला काय माहीत?" हा शब्द टाळावा. तो खोलवर लागतो आणि पुढच्या वेळी माणूस घरी येण्याऐवजी जादा काम घेतो.

(उ) रविवार सांभाळा. रविवारच्या मिस्सासाठी शनिवारी सायंकाळची मिस्सा चालते, आणि ती आपल्याच चर्चमध्ये असली पाहिजे असे नाही. कॅथलिक विधीने जेथे अर्पण होते तेथे सहभागी झाल्यास पुरे (कलम १२४८). काम सुरू होताच साइटजवळचे चर्च शोधून ठेवावे. गंभीर कारणाने मिस्सा शक्यच नसेल तर त्याच कलमानुसार काही वेळ प्रार्थनेत घालवावा, एकट्याने किंवा कुटुंबासह. रात्री घरी रोझरी चालू असताना खोलीवरून फोनवर एक दशक म्हणणारे बंधू आपल्यात असतील, तर त्यांनी इतरांनाही ही सवय लावावी.

७. आपल्या हाताखालची माणसे

कंत्राटदार स्वतः घराबाहेर असतो, तशीच त्याने आणलेली माणसेही असतात, आणि ती बहुधा अधिक लांब व अधिक काळ. तो शनिवारी घरी येतो. त्याचा बिहारचा वा ओडिशाचा वेल्डर कित्येक महिने घर पाहत नाही. जव्हार-मोखाड्याची आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर उतरतात. होळीला गावी जाणे त्यांच्यासाठी आपल्या नाताळाइतके मोठे असते. त्यांना त्या वेळी पैसे हातात देऊन सोडणे हा उपकार नव्हे. मजुरी अडकवली गेलेल्या कामगारांचा आक्रोश देवाच्या कानी पोहोचतो, असे याकोबाचे पत्र (५:४) बजावते.

"मालकाने माझे बिल दिले नाही, मी कोठून देऊ?" ही अडचण खरी असते. म्हणून काम घेतानाच निदान एका महिन्याची मजुरी बाजूला ठेवता येईल एवढेच काम घ्यावे. कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या कामावर कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर मुख्य मालकाला ती द्यावी लागते. हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेतही आहे. आपल्या कामगारांना हे ठाऊक असू द्यावे. लपवू नये.

८. शेवटी एक गोष्ट

ज्या घरांत दुसरा मार्गच नाही, त्यांनी हा पाठ वाचून मनाला लावून घेऊ नये. तुमचा सोमवारचा पहाटेचा प्रवास हाही देवापुढे ठेवण्याजोगा त्याग आहे, आणि मागे राहून घर सांभाळणाऱ्या भगिनीचा आठवडा त्याहून हलका नाही. आपण सर्वांनी अशा घरांकडे लक्ष द्यावे. शेजारच्या घरातील पुरुष बाहेरगावी आहे हे आपल्याला ठाऊक असते. रात्री म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेण्यासाठी गाडी लागली तर कोणाला फोन करायचा, हे त्या भगिनीला आधीच सांगून ठेवा. लहान ख्रिस्ती समूहांनी आपापल्या आळीत अशी घरे किती आहेत ते या महिन्यात पाहावे आणि प्रत्येक घरासाठी दोन शेजारी नेमून द्यावेत.

आणि ज्यांची ठरवलेली रक्कम जमली आहे, कर्ज फिटले आहे, तरी केवळ सवयीने बॅग भरली जात आहे, त्यांनी या रविवारी जेवण झाल्यावर ती वही काढावी आणि दोघांनी मिळून पुढची तारीख लिहावी.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील व्यक्ती बाहेर राहून काम करते ते नेमके कशासाठी? ते कारण आजही कायम आहे का?

२. प्रवास, खोली आणि जेवण वजा जाता खरोखर किती उरते?

३. शनिवारी बाबा घरी येतात तेव्हा घरात कोणाला काय वाटते? (या प्रश्नाचे उत्तर प्रथम मुलांनी द्यावे आणि मोठ्यांनी मध्ये बोलू नये.)

४. आपल्या आळीत असे कोणते घर आहे, ज्याला आपला फोन नंबर देऊन ठेवायला हवा?